दुःखाची पुस्तके निवडणाऱ्या कुसुमताई

देणे हा गुण आपल्याकडे फार थोर मानला गेला आहे. अन्नदान, विद्यादान, अभयदान अशा त्याच्या पायऱ्याही पूर्वजांनी बांधून ठेवल्या. परंतु देण्याच्या शेजारीच आणखी एक गुण निमूटपणे उभा असतो आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो गुण म्हणजे औचित्य. कोणाला, केव्हा, किती आणि कोणत्या रीतीने द्यावे याचे भान. पंगतीत वाढणाऱ्या जाणत्या गृहिणीला हे शास्त्र ग्रंथावाचून अवगत असते. मीठ आधी वाढायचे, ते डाव्या बाजूला आणि चिमूटभरच. तेच मीठ ओंजळीने वाढले तर अन्नाचा अपमान होतो आणि अतिथीचाही. औचित्याची आणखी एक विलक्षण अट अशी, की ज्याच्या हातून ते एकदा मोडले नाही, त्याच्या अंगी ते पुरते मुरत नाही. कुसुमताई उकिडवे यांच्या अंगी ते मुरले होते. आणि त्यासाठी त्यांनी जे मोल दिले, ते त्यांना शेवटपर्यंत विसरता आले नाही.

कुसुमताई कसबा पेठेत राहत. मुलींच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवले आणि निवृत्त झाल्यावर इतर समवयस्का तीर्थयात्रांचे बेत आखत असताना त्यांनी हडपसरची बस धरली. निमित्त होते त्यांची जुनी विद्यार्थिनी आम्रपाली. ती हडपसरच्या जुन्या गावठाणातील एका शाळेची मुख्याध्यापिका झाली होती. एके दिवशी ती पेढे घेऊन घरी आली आणि म्हणाली, "बाई, आमच्याकडे संगणकाची खोली आहे, व्यायामाची खोली आहे, पण आठवी ते दहावीच्या मुलांनी वाचावं असं एकही पुस्तक नाही. जे आहे ते एक तर राजपुत्राचं, नाही तर थोर पुरुषाचं. या वयाची मुलं स्वतःला त्यात कुठं शोधणार?"

हे वाक्य कुसुमताईंच्या मनात रुजले. तेरा-चौदा वर्षांचे मूल हे एका विचित्र संधिप्रकाशात उभे असते. परीकथेवरचा त्याचा विश्वास उडालेला असतो आणि मोठ्यांच्या जगाचा परवाना अद्याप मिळालेला नसतो. नेमक्या त्याच वयात घरातील आजार, भांडणे, वियोग, अपमान त्याला प्रथमच स्पष्ट दिसू लागतात, आणि ते कोणापाशी बोलावे हे मात्र कळत नाही. अशा मुलाच्या हाती त्याच्याच वयाच्या एखाद्या मुलाची खरी वाटणारी गोष्ट पडावी, तो मुलगा संकटातून रांगत, धडपडत, कसाबसा पार पडताना दिसावा, असे कुसुमताईंना वाटे. "ज्ञान नको," असे त्या म्हणत, "सोबत हवी."

पुढच्याच आठवड्यात त्या बुधवार पेठेत यज्ञेश्वर यांच्या पुस्तकांच्या दुकानी जाऊन उभ्या राहिल्या. यज्ञेश्वर हे पिढीजात विक्रेते. गिऱ्हाइकाला पुस्तक दाखवण्यापूर्वी त्याची लायकी डोळ्यांनी मोजण्याची जुनी सवय त्यांना होती. कुसुमताईंनी मागितलेल्या कादंबऱ्यांची चळत त्यांनी समोर ठेवली आणि ते आपल्या कामाला लागले. तासाभराने पाहतात तो बाई उभ्याच, आणि प्रत्येक पुस्तक मधूनच कुठेतरी उघडून वाचताहेत.

"बाई, पुस्तक पहिल्या पानापासून सुरू होतं, अशी आमच्याकडे पद्धत आहे," यज्ञेश्वर म्हणाले.

"पहिलं पान सगळ्यांचंच चांगलं असतं हो," मान वर न करता कुसुमताई उत्तरल्या. "मी मामा शोधतेय."

"कोणाचा मामा?"

"नायकाचा. पोरगं पार बुडायला आलं की अचानक गावाहून एक मामा येतो. नाही तर एखादा साहेब येतो, नाही तर बक्षीस लागतं. लेखकाला दुःख सोसवत नाही, म्हणून तो मामाला बोलावतो. ज्याच्या आयुष्यात मामा येणार नाही, त्या मुलानं ते पुस्तक वाचून करायचं काय? वाट बघायची?"

त्या दिवसापासून यज्ञेश्वरांच्या दुकानात 'मामा' हा शब्द रूढ झाला. नवी किशोर कादंबरी आली की ते स्वतःच आधी चाळून ठेवत आणि बाई पायरी चढताच वर्दी देत, "दोन आल्यात. एकीत मामा आहे, दुसरीत मला तरी दिसला नाही. आपण खात्री करून घ्या." कुसुमताईंच्या इतरही काही कसोट्या होत्या, त्या त्यांना कामाच्या ओघात सापडत गेल्या. दुःखी मुलगा निदान एकदा तरी चुकीचा, हलकट वागला पाहिजे, नाही तर तो मुलगा नसून सुभाषित आहे, असे त्यांचे मत होते. कादंबरीत कोणी जेवताना दिसले नाही तर त्या साशंक होत. "संकटातही पोरांना भूक लागतेच. या लेखकाच्या घरी स्वयंपाक दुसरं कोणीतरी करत असणार," असे म्हणून पुस्तक बाजूला सारत.

त्यांचे यजमान श्रीनिवासराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बोलणे मोजके आणि त्यातील निम्मे टोमणे. पत्नीच्या या नव्या व्यासंगाकडे ते वर्तमानपत्राच्या आडून पाहत.

"आज काय आणलंस?" ते विचारत.

"पुरानं वाहून नेलेल्या घराची गोष्ट आहे. आणि एका बहिऱ्या मुलीची."

"वा. आणि उद्या?"

"उद्या बघू."

"नाही, आपल्या घरात आनंदाचा अतिरेक झालाय खरा. थोडा उतारा हवाच होता."

असे म्हणत, पण बाई झोपल्यावर तीच पुस्तके ते वाचत आणि सकाळी चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखे विचारत, "त्या बहिऱ्या मुलीला पुढे शाळेत घेतलं का गं? माझा डोळा लागला मध्येच." डोळा लागलेला नसे. पुस्तक आवडले हे कबूल करायचे नसे, एवढेच.

हडपसरच्या शाळेत एका रिकाम्या खोलीत कपाट आले, टेबल आले. आठवड्यातून तीन दुपारी कुसुमताई तेथे बसू लागल्या. मुले एकेक करून येत, त्या दोन शब्द बोलत आणि एक पुस्तक काढून हातात देत. पुस्तक असे नेमके लागू पडे, की मुले चकित होत. ज्याची धाकटी बहीण दगावली होती, त्याला तशीच गोष्ट मिळे. ज्याचे वडील दारू पीत, त्याला तसे घर भेटे. हे कसे जमे? कुसुमताई मुलांविषयी आम्रपालीला आधी विचारून घेत. प्रत्येक मुलाच्या घरची हकीकत त्या मनात साठवत आणि रात्र-रात्र विचार करून कोणत्या जखमेवर कोणते पान ठेवायचे हे ठरवत. वैद्याने नाडी पाहून मात्रा द्यावी, तसे. या कामात त्यांना आयुष्यातील सर्वांत मोठा आनंद लाभत होता, आणि आनंदाच्या त्या उजेडातच त्यांना एक साधी गोष्ट दिसली नाही. मुलेही माणसे वाचतात.

नववीच्या वर्गात वैष्णवी नावाची मुलगी होती. घर गावठाणातच, शेती गेलेली, तिच्या जागी तीन मजली इमारत उभी, खोल्या भाड्याने दिलेल्या. खाण्यापिण्याला काही कमी नव्हते. परंतु तिच्या आईचे मन आजारी होते. ती दिवसदिवस बोलत नसे, मध्येच घराबाहेर चालू लागे. हल्ली तिला उपचारासाठी रुग्णालयात ठेवले होते. हे मुलीचे वडील सर्जेराव यांनी आम्रपालीला विश्वासाने सांगितले होते. वैष्णवीने मात्र वर्गात सांगितले होते, की आई आजोळी गेली आहे, आजोबांच्या सेवेला.

अशा घरातील मुलीची एक कादंबरी कुसुमताईंना मोठ्या शोधाने मिळाली होती. ती हाती आली तेव्हा त्यांना अक्षरशः धन्य वाटले. त्या दुपारी वैष्णवी टेबलापाशी आली, तेव्हा त्यांनी हळुवारपणे ती तिच्यापुढे केली आणि म्हणाल्या, "हे खास तुझ्यासाठी आणलंय."

वैष्णवीने मागचे कव्हर वाचले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मागे रांगेत उभ्या असलेल्या पियुषने तिच्या खांद्यावरून मान लांबवून तेच वाचले. पियुष हा वर्गातला बोलघेवडा, मनाने वाईट नव्हे. पण जीभ आणि डोके यांच्यामध्ये त्याच्याकडे दार नव्हते.

"अरे!" तो मोठ्याने म्हणाला, "म्हणजे तुझी मम्मी गावाला नाहीये?"

खोलीत कोणी हसले नाही. हसले असते तर कदाचित बरे झाले असते.

"काय बोलतोस?" कुसुमताई म्हणाल्या.

"नाही मॅडम, म्हणजे... तुम्ही ज्याच्या घरी जे असतं तेच पुस्तक देता ना? सगळ्यांना माहितीये. आम्ही पुस्तक बघूनच ओळखतो कुणाच्या घरी काय लोचा आहे." मग त्याचा आवाज खाली गेला. "मला दिलेलं ते दारूवालं होतं. तेव्हापण सगळ्यांना कळलंच."

वैष्णवीने पुस्तक दप्तरात कोंबले आणि ती खोलीबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा लोटला. सहामाही परीक्षा तोंडावर होती. आम्रपालीने फोन केला, तेव्हा सर्जेरावांनी एवढेच सांगितले, की पोरगी शाळा नको म्हणते आहे, दुसरीकडे घालता येईल का ते बघतो, नाही तर राहू दे घरी.

त्या संध्याकाळी कुसुमताईंनी दिवा लावला आणि त्या देवापुढे न बसता स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. श्रीनिवासरावांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवले.

"काय झालं?"

त्यांनी सांगितले. सांगताना कोणतीही सबब जोडली नाही.

श्रीनिवासरावांनी चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. मग म्हणाले, "मी टेलिफोन खात्यात इतकी वर्षं काढली. लोकांच्या लायनी जोडायचो. आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलेलं, लाइन जोडायची आणि कानावरचं काढून ठेवायचं. बोलणं ऐकायचं नाही."

"हा टोमणा आहे का?"

"नाही गं," ते म्हणाले. "आज नाही."

एका वाचनाच्या कपाटापायी एका मुलीची शाळा सुटते आहे, हे कुसुमताईंना सहन होण्याजोगे नव्हते. मुलींनी शिकावे यासाठीच त्यांच्या हयातीचा प्रत्येक तास खर्ची पडला होता. आता त्यांच्याच हाताने, त्यांच्याच प्रेमाने, एका मुलीपुढचे दार लागत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मनपाच्या थांब्यावरून बस धरून हडपसरच्या गाडीतळाला उतरल्या आणि विचारत-विचारत वैष्णवीच्या घरी पोहोचल्या.

तळमजल्यावर किराणा मालाचे छोटे दुकान होते आणि गल्ल्यावर वैष्णवीची आजी सोजरबाई बसली होती. कुसुमताईंनी नाव सांगताच तिने हातातील शेंगदाण्याचे माप पोत्यात ठेवले.

"तुमीच का त्या पुस्तकवाल्या बाई? या. बसा हितं." तिने स्टूल पुढे सरकवले. "च्या घेणार का? घ्या. दारी आल्यालं मानूस तसंच धाडायची रीत न्हाई आमच्यात. बोलायचं ते च्या पिऊन बोलू."

चहा झाला. सोजरबाई म्हणाली, "बाई, आमी घरातली गोष्ट उंबऱ्याच्या आत ठेवली हुती. भाऊबंदांला सुदीक सांगितली न्हाई. ती तुमच्या पुस्तकानं वेशीला टांगली."

"चूक माझी आहे," कुसुमताई म्हणाल्या. "तेच सांगायला आलेय."

सोजरबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिले. बहुधा एवढ्या लवकर कबुली येईल अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि मनात रचून ठेवलेली पुढची वाक्ये आता निरुपयोगी झाली होती.

"चूक म्हंजी काय," ती जराशा नरमाईने म्हणाली, "माया हाय तुमची, दिसतंय ते. पर मायेला बी डोळं असाया पायजेत." आणि जिन्याकडे तोंड करून तिने हाक घातली, "वैष्णे! खाली ये. तुझी बाई आलीया."

दुसऱ्यांदा हाक घालावी लागली. मग जिन्यावर पावले वाजली. वैष्णवी खाली आली, तेव्हा तिच्या हातात ती कादंबरी होती. तिने ती गल्ल्यावर, बिस्किटांच्या बरणीशेजारी ठेवली.

"हे घ्या तुमचं पुस्तक."

कुसुमताईंनी त्याला हात लावला नाही. "वैष्णवी, मी तुझ्या घरची गोष्ट आम्रपालीमॅडमना विचारली. तुला न विचारता. आणि मग ती सगळ्यांसमोर तुझ्या हातात ठेवली. मला ती मदत वाटली. मी चुकले."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. "मला वाटलं होतं, एक तरी जागा अशी आहे जिथं कुणाला माहीत नाही," ती म्हणाली. "शाळेत मी नॉर्मल होते."

कुसुमताई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या.

वैष्णवीनेच पुस्तकाकडे बोट केले. "तुम्ही हे पूर्ण वाचलं होतं?"

"हो."

"मीपण वाचलं. दोनदा." ती पुस्तकाकडे पाहत होती. "तुम्हाला शेवट खोटा नाही वाटला?"

कुसुमताई सावध झाल्या. "का गं?"

"डॉक्टर गोळ्या देतो आणि दिवाळीला आई हसायला लागते. रांगोळी काढते. असं काही नसतं, मॅडम. माझी आई गोळ्या घेतल्यावर आधी नुसती झोपायची. मग चार दिवस छान असायची, माझी वेणी घालायची. आणि मग परत तेच. आणि ती मुलगी एकदाही आईवर चिडत नाही. मी चिडते. मी एकदा म्हणाले होते आईला, की तू मुद्दाम करतेस."

सोजरबाईने पदर तोंडाशी नेला. नातीच्या तोंडून हे तिने पहिल्यांदाच ऐकले असावे.

कुसुमताईंच्या ध्यानात आले, की या पुस्तकातही मामा आला होता, फक्त या खेपेला तो औषधाच्या बाटलीतून आला होता, आणि सगळ्या कसोट्या लावूनही त्यांना तो ओळखू आला नव्हता. त्यांनी ते दुःख लांबून पाहिले होते. लांबून पाहणाऱ्याला सुटकेची घाई असते. तरीही त्या क्षणी त्यांना लाज वाटण्याऐवजी एक प्रकारचा आदर वाटला. समोर उभ्या असलेल्या या मुलीने, शाळा सोडून घरात कोंडून घेतलेल्या अवस्थेतही, एक कादंबरी दोनदा वाचली होती आणि तिच्याशी भांडण मांडले होते.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मग हे मी कपाटातून काढून टाकू?"

वैष्णवीने पटकन मान वर केली. "नको."

"का?"

तिने पुस्तक उचलले, पाने उलटली आणि एक पान काढून पुढे धरले. "हे बघा. ती शाळेतून येते आणि घरात लगेच जात नाही. कोपऱ्यावर थांबते. आतून कसला आवाज येतोय ते ऐकते, म्हणजे आज आई कशी आहे ते कळतं. मग जाते. आई घरी असताना मीपण हेच करायचे. रोज. मला वाटायचं मी एकटीच करते." ती थांबली. "ह्या पानासाठी ठेवा. पण कुणाच्या हातात देऊ नका. ज्याला हवं असेल तो घेईल."

"आणि तू? शाळेत येशील?"

"माहीत नाही," वैष्णवी म्हणाली, आणि पुस्तक तेथेच ठेवून वर निघून गेली.

परतीच्या बसमध्ये कुसुमताई पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. देणे हे त्यांना आजवर हाताचे काम वाटत आले होते. आता त्यांना कळत होते, की कधी कधी ते डोळे मिटण्याचे काम असते. निवड करावी, ती जीव ओतून, कठोरपणे करावी, पण ती पुस्तकांची करावी, मुलांची नव्हे.

पुढच्या दुपारी त्यांनी आम्रपालीला बोलावून सांगितले, "आजपासून कपाटाला कुलूप नाही. कोणी काय नेलं, त्याची नोंद नाही. आणि मला कोणाच्याही घरचं काही सांगायचं नाही. मी विचारलं तरी सांगायचं नाही."

आम्रपाली हादरली. "बाई, नोंद नाही? अहो, पुस्तकं जातील! आपणच आम्हाला शिकवलंत, की पेन्सिलसुद्धा सही करून घ्यायची."

"शिकवलं ना? मग आता विसर. शिकवलेलं विसरायलाही शिकवणारीच लागते."

"पण पुस्तकं परत आलीच नाहीत तर?"

"तर ती कोणाच्या तरी घरी असतील. त्यासाठीच तर आणलीत."

एवढे बोलून कुसुमताईंनी आपली खुर्ची उचलली आणि कपाटाकडे तोंड असलेली ती खिडकीकडे वळवून ठेवली. जवळ मैद्याची खळ, कात्री आणि कापडी पट्ट्या घेतल्या, आणि त्या फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवू लागल्या. मागे कोण आले, काय काढले, किती वेळ थांबले, हे पाहण्याची वाटच त्यांनी बंद करून टाकली. ज्यांच्या नजरेतून चाळीस मुलींच्या वर्गात एक चिठ्ठी सुटत नसे, त्यांना हे व्रत किती जड गेले असेल!

पहिले काही दिवस कोणी फिरकले नाही. मग पियुष आला.

"मॅडम, मी कुठलं घेऊ?"

"मला काय माहीत? मी खिडकीतून बाहेर बघतेय."

"बाहेर तर काहीच नाहीये. भिंत आहे."

"मग भिंत बघतेय. तुझं तू बघ."

तो घुटमळला. "मॅडम, मी वैष्णवीला सॉरीचा मेसेज टाकला. ब्लू टिक आली, रिप्लाय नाही आला. अजून एक टाकू?"

"नको. एकदाच टाकलेला सॉरी वाचायला वेळ लागतो. तिला तो वाचू दे."

त्याने एक पुस्तक काढल्याचा आवाज झाला. कोणते, ते कुसुमताईंना आयुष्यात कधी कळले नाही. पाठोपाठ इतर मुले येऊ लागली. आधी दबकत, मग गर्दीने. कोणाच्या हातात काय आहे यावरून आता कोणालाच काही ओळखता येईना, कारण ज्याच्या घरी सारे सुरळीत होते, तोही पुराची गोष्ट नेई आणि ज्याच्या घरी पूर आला होता, तो क्रिकेटपटू होऊ पाहणाऱ्या लंगड्या मुलाची नेई.

वैष्णवी मात्र आली नाही. सहामाही परीक्षा सुरू झाली आणि संपली. दिवाळीची सुट्टी लागली. कुसुमताई चौकशी करत नसत. तसे ठरवूनच बसल्या होत्या. घरी श्रीनिवासरावांपाशी मात्र एकदा त्यांचा धीर सुटला. "अहो, मी परत जाऊन येऊ का तिच्याकडे?" श्रीनिवासराव म्हणाले, "जा की. आणि हो, जाताना मामाला बरोबर घेऊन जा." कुसुमताईंना क्षणभर राग आला आणि मग त्या गेल्या नाहीत.

सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या पहिल्याच आठवड्यातली ती दुपार. कुसुमताई एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीला पट्टी लावत होत्या. मागे कपाटाचे दार उघडले. कोणीतरी पुस्तके सरकवत होते, काढत होते, परत ठेवत होते. बराच वेळ ते चालले. मग आवाज आला, "मॅडम, ते बहिऱ्या मुलीचं पुस्तक खालच्या कप्प्यात गेलंय. तिथं कुणाला दिसत नाही."

कुसुमताईंचे हात खळीत तसेच थांबले. त्यांनी मान वळवली नाही.

"मग वर ठेव," त्या म्हणाल्या.

"ठेवलं." थोडा वेळ गेला. "आणि हे जे गिरणीचं आहे ना, हे काढून टाका. ह्याच्यात शेवटी काका येतो फॉरेनहून."

"काका?" कुसुमताई खिडकीकडे पाहूनच म्हणाल्या. "माझ्या नजरेतून सुटला वाटतं. काढ, काढ ते."

वैष्णवीने सहामाहीचे पेपर बुडवले होते. आम्रपालीने तिची परीक्षा पुन्हा घेतली. ती वर्गात कशी वागली, मैत्रिणींना काय बोलली, हे कुसुमताईंनी विचारले नाही. एवढे मात्र त्यांना दिसले, की ती रोज येऊ लागली, आणि एके दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "आईला घरी आणलंय. अजून बरी नाहीये. पण घरी आहे."

पुढे बुधवार पेठेतील दुकानाच्या पायरीवर बाईंबरोबर एक मुलगीही दिसू लागली. दोघी चळतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून वाचत आणि एखाद्या पुस्तकावरून त्यांचे जुंपे. कुसुमताईंना भाषा आवडलेली असे, वैष्णवीला माणसे खोटी वाटत. "आधी एकच परीक्षक होता, आता दोन झाले. माझं दिवाळं वाजणार," असे यज्ञेश्वर पुटपुटत आणि दोघींसाठी उसाचा रस मागवत. बहुतेक वेळा वैष्णवीचे मत चाले. एखादे वेळी कुसुमताई हट्टाला पेटत आणि "भाषेसाठी एक राहू दे गं," म्हणून एखादे पुस्तक घेऊन येत. ते कपाटात पडून राही. त्याचे त्यांना वाईट वाटे, पण त्या कोणाला ते घ्या म्हणत नसत.

मुलांना त्या खोलीत बसून वाचायचे असे. कोणी रडतही असे. त्या वेळी कुसुमताई कात्री खाली ठेवत, म्हणजे आवाज होऊ नये. याहून अधिक काही करत नसत. कोणी येऊन बोलले तर ऐकत. विचारले तरच सांगत. त्यांच्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेने त्यांना विचारले होते, की मुलांना या पुस्तकांचा उपयोग झाला हे आपणांस कसे कळते? त्या म्हणाल्या, "कळत नाही. कळावं अशी इच्छा होते, ती आवरावी लागते."

गेल्या माघात अल्पशा आजाराने कुसुमताई गेल्या. अखेरच्या दिवसांत डोळे अधू झाले होते, तेव्हा श्रीनिवासराव त्यांना वाचून दाखवत, आणि आवडलेल्या जागी डोळा लागल्याचे सोंग आता करत नसत. वैष्णवी भेटायला आली होती. ती आता वाणिज्य शाखेत शिकते, गल्ल्यावर आजीला मदत करते; आईचे औषध चालू आहे. कुसुमताईंच्या दहाव्याला हडपसरहून काही मुले आली होती. त्यांपैकी कोणी कोणते पुस्तक वाचले होते, हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि कोणी विचारलेही नाही.

हडपसरच्या त्या शाळेत किशोर कादंबऱ्यांचे कपाट आजही आहे. त्यातली बरीच पुस्तके परत आलेली नाहीत. दर जूनमध्ये नवी आणली जातात.